चार मिनिटं वीस सेकंद

त्या दिवशी भोंगा चार मिनिटं वीस सेकंद उशिरा वाजला, हे करंजटोल्यात एकाच माणसाला ठाऊक होतं. भोंगा वाजवणारं माणूसही तेच होतं.

वत्सला नेवारे. वय सेहेचाळीस. नवरा शालिक तलावावर मासे धरणारा. ती स्वतः बारावीपर्यंत शिकलेली आणि आकड्यांना न घाबरणारी. म्हणूनच नागपूरच्या हवामान केंद्राने गावात 'नादवेध' बसवला, तेव्हा ग्रामपंचायतीच्या माडीवरची खोली आणि त्यातलं यंत्र तिच्या ताब्यात दिलं होतं.

वैनगंगेच्या खोऱ्यात वावटळी पूर्वीही यायच्या. पालापाचोळा गरगरवायच्या, फार तर गोठ्यावरचा एखादा पत्रा उचलायच्या आणि निघून जायच्या. २०३५च्या पुढे हवेचा नूरच पालटला. बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारं जमिनीलगत आत सरकू लागलं आणि त्याच्या डोक्यावरून उत्तरेकडचं कोरडं, तापलेलं वारं भलत्याच दिशेला धावू लागलं. दोन तळव्यांमध्ये कापसाची वात वळावी, तशी मधली हवा वळली जायची. मग खालून उठणारी उष्ण हवा ती आडवी वात उभी करायची आणि तिचं टोक कधीकधी जमिनीला टेकायचं. वर्तमानपत्रं त्याला टोर्नेडो म्हणत. आकाशातून हत्तीने सोंड खाली सोडावी तसं ते दिसे, म्हणून गावाने नाव ठेवलं सोंड.

सोंड दिसली की पळायला वेळ उरत नसे. पण ती दिसण्याआधी गुणगुणते, हा शोध कामाला आला. सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपनं असलेला आवाज माणसाच्या कानाला कळत नाही. ढगाच्या पोटात फिरणारा वारा नेमका त्या पट्टीत घुमतो आणि तो घुमार कोसकोस न विरता जातो. नळाखाली घागर भरताना आवाज कसा चढत जातो, हे कुणालाही माहीत असतं. सोंडेचंही तसंच. घेर मोठा असतो तेव्हा सूर खर्जात असतो. घेर आवळत गेला की सूर चढतो. सूर चढू लागला की समजायचं, ती खाली यायला निघाली.

हा सूर ऐकायला गावाभोवतीच्या शिवारात बारा ठिकाणी ताटाएवढ्या चकत्या पुरल्या होत्या. लोक त्यांना 'कान' म्हणत. कुठल्या कानाला आवाज आधी पोचला आणि कुठल्याला मागाहून, यावरून यंत्र ढगाचा ठाव काढी आणि पडद्यावर सोंड येण्याचे टक्के दाखवी. साठच्या वर गेले की दोन बटणं उजळत. एक 'भोंगा', दुसरं 'थांबा'. काहीच दाबलं नाही, तर अर्ध्या मिनिटाने भोंगा आपोआप वाजे.

थांबा ठेवलं होतं, कारण पहिल्या वर्षी तांदळाच्या गिरणीचा मोठा पंखा आणि खाणीतले स्फोटही यंत्राला सोंड वाटत. थांबा दाबलं की भोंगा दोन मिनिटं अडे; पण आधी कारण निवडावं लागे. गिरणी, खाण, लग्नाचा डीजे. गाव ओळखणाऱ्या माणसाने गावचा आवाज ओळखावा, एवढाच हेतू.

आदल्या वर्षी वत्सलाने एकदाही थांबा दाबलं नव्हतं. वैशाखात तीनदा भोंगा वाजला आणि तिन्ही वेळा सोंड आली नाही. त्यातली एक वेळ नेमकी जाळ्याच्या दिवसाची होती. उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की मच्छीमार सोसायटी एकदाच मोठं जाळं ओढते. चाळीसेक माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. त्या दिवशी अर्ध्यावर आलेलं जाळं टाकून सगळे पळाले आणि वर्षभर पोसलेली रोहू-कतला मोकळी झाली. "वहिनीनं मासे सोडले, बाप्पा!" असं सोसायटीचा अध्यक्ष, वत्सलाचा धाकटा दीर गोकुळदास, चारचौघांत म्हणाला. लोक हसले. शालिक हसला नाही, पण दोन दिवस तिच्याशी बोललाही नाही.

यंदा जाळ्याच्या दिवशी सकाळीच गोकुळदास दारात आला.

"वहिनी, आज पक्कं असल्याबिगर भोंगा नको जी."

"ते माझ्या हातात आहे का, भाऊजी?"

"तुमच्याच हातात आहे. म्हणून तर सांगाले आलो."

दुपारी तीन वाजून अडतीस मिनिटांनी पडद्यावर चौसष्ट टक्के उमटले.

वत्सला खिडकीशी गेली. तलाव तिथून समोर दिसे. जाळ्याचा अर्धगोल काठाकडे सरकत होता आणि तरंगत्या बोयांच्या आतून मासे उसळत होते. पाण्यात शालिकचं लाल मुंडासं ओळखू येत होतं. पश्चिमेला काळं भरून आलं होतं, पण वैशाखात ते रोजचंच. तिने थांबा दाबलं. कारण विचारलं गेलं, तेव्हा तिने 'गिरणी' निवडलं.

गिरणी त्या दिवशी बंद होती. गिरणीवाला स्वतः जाळं बघायला तलावाच्या पाळीवर उभा होता आणि तोही तिला खिडकीतून दिसत होता.

दोन मिनिटं गेली. अठ्ठ्याहत्तर टक्के. सूर चढत होता. तिने पुन्हा बाहेर पाहिलं. पश्चिमेच्या टेकडीपलीकडे ढगाचं पोट खाली लोंबलं होतं, गायीच्या थानासारखं. तिला समजलं. हे यंत्राचं म्हणणं नव्हतं, तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पण जाळं आता काठापासून जेमतेम चाळीस हात उरलं होतं. दोन मिनिटांत निघेल, असं तिच्या मनाने म्हटलं आणि बोटाने दुसऱ्यांदा थांबा दाबलं. गिरणी.

ती दोन मिनिटं संपल्यावरही हात वीस सेकंद तसाच अधांतरी राहिला. मग टेकडीमागून धुळीचा खांब उठला आणि तिने भोंगा दाबला.

माणसं जाळं टाकून पळाली. शाळेच्या टेकाडात खोदलेलं सिमेंटचं आसराघर होतं, तिकडे सगळी धावली. वत्सला पंचायतीच्या जिन्याखालच्या खोलीत शिरली. साडेसात मिनिटांनी सोंड गावावरून गेली. आवाज असा, की जणू मालगाडी छपरावरून चालली आहे. सव्वा मिनिटात सगळं संपलं.

ती बाहेर आली तेव्हा बाजाराच्या ओट्यावर एकही पत्रा नव्हता. मोठं जाळं शाळेमागच्या मोहाच्या झाडावर लटकलं होतं आणि त्यात काही मासे अजून तडफडत होते. आसराघरातून माणसं एकेक करून बाहेर येत होती, एकमेकांना हात लावून बघत होती. शालिक आला. चिखलाने माखलेला, पण धड.

केवळाबाई मेश्राम आली नाही. ती तलावाच्या पल्याडच्या काठावर मासे निवडायला बसायची. साठी उलटलेली, गुडघ्याने अधू. हापशाजवळ, विजेच्या खांबाखाली ती सापडली. तिथून आसराघराचं दार एकशे साठ पावलांवर होतं.

आठव्या दिवशी ग्रामपंचायतीने वत्सलाचा सत्कार केला. तीनशे बारा माणसं त्या दिवशी उघड्यावर होती आणि तीनशे अकरा वाचली, असं सरपंचांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोकुळदासने स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यावर शाल घातली. नारळ घेताना तिचं लक्ष पहिल्या रांगेत गेलं. तिथे केवळाबाईची मुलगी पुस्तकला बसली होती. अंगणवाडीत मदतनीस, तिशीची, लग्न मोडून आईकडे परतलेली. तीही टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर वत्सलाने शाल घडी करून पेटीत घातली. मग बाहेर काढली. मग पुन्हा घातली.

"काय झालं?" शालिक म्हणाला.

"उकडते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलावाच्या पल्याडच्या काठावर गेली. मोबाइलवर घड्याळ लावलं आणि गुडघा दुखत असल्यासारखी, एक पाय ओढत, आसराघराकडे चालू लागली. शेण गोळा करणाऱ्या बाया थांबून बघत राहिल्या. दाराशी पोचायला अकरा मिनिटं लागली.

भोंगा सोंडेच्या साडेसात मिनिटं आधी वाजला होता. त्यात चार मिनिटं वीस सेकंद मिळवली, तर अकरा मिनिटं पन्नास सेकंद. म्हणजे केवळाबाई आत येऊन पन्नास सेकंद दम खात बसली असती.

वत्सला तिथेच पायरीवर बसली. हा हिशेब आता आपल्याला कधी विसरता येणार नाही, हे तिला कळून चुकलं.

त्याच आठवड्यात नागपूरहून डॉक्टर निशिगंधा वैरागडे आल्या. नादवेध ज्यांनी बांधला, त्या गटातल्या त्या प्रमुख. डोळ्यांखाली जागरणाच्या रेघा, बोलणं मऊ. माडीवरच्या खोलीत त्यांनी पडद्यावर सगळी नोंद उलगडली. वत्सला दाराशीच उभी राहिली.

"ताई, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोनदा थांबा दाबलंत, कारण गिरणी. नियमाला धरूनच आहे. गिरणीचा पंखा ह्याच पट्टीत घुमतो. सोंड आणि गिरणी एका वेळी चालू असतील, तर कुणाचीही फसगत होईल. चूक तुमची नाही, आमच्या यंत्राची आहे."

वत्सलाने पडद्यावरच्या 'गिरणी' या शब्दाकडे पाहिलं.

"आणि ते आता सुधारेल. प्रत्येक घटनेतून यंत्र शिकतं. ती चार मिनिटं गिरणीची, अशी तुमची नोंद आम्ही त्याला शिकवली आहे. पुढे असा मिसळलेला सूर आला, की ते आपणहूनच टक्के कमी धरेल आणि चार मिनिटं वाट पाहील."

"आपणहून?"

"हो. येत्या रविवारी हा बदल सगळीकडे चढवतोय. एकशे बासष्ट गावं आहेत."

खोलीत पंखा फिरत होता. वत्सलाच्या तोंडात शब्द आले होते. ते बाहेर पडले ते भलतेच.

"मॅडम, पाणी घेता?"

डॉक्टर पाणी पिऊन गेल्या. त्यांची गाडी वळणाआड होईपर्यंत वत्सला खिडकीत उभी होती. एकशे बासष्ट गावांमध्ये तिचं खोटं आता यंत्राची अक्कल होणार होतं. कुठल्या गावात गिरणी बंद असेल, कुठे पाण्यात माणसं असतील, तिला काय ठाऊक! तरी तिचा हात फोनकडे गेला नाही. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी तिने अंगण दोनदा सारवलं.

शनिवारी दुपारी पुस्तकला आली. ओसरीवर टेकली, पाण्याला नको म्हणाली.

"काकू, तुम्हाले एक विचारू? यंत्रात दिसते का, आसराघराचं दार कधी लागलं ते?"

"काऊन?"

"दार मी लावलं." पुस्तकलाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "किल्ली माझ्याकडे असते ना. सोंड अर्ध्या मिनिटावर आली की लाल दिवा लागते, तो लागला की लावायचं, असा नियम आहे. दिवा लागला. लोक मागून ओरडत होते, लाव लाव म्हणून. मी फटीतून पाहिलं. माय हापशाच्या अलीकडे होती. तिनं हात वर केला होता, काकू. मी लावलं."

वत्सलाने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"अर्धं मिनिट थांबले असते तर?" पुस्तकला म्हणाली. "मी कुणाले विचारलं नाही अजून. झोपले की तो हातच दिसते. तुम्ही साऱ्यांले वाचवलं. तुमच्या यंत्रात पाहून सांगा, मी लवकर लावलं का?"

एवढा वेळ वत्सला स्वतःच्या ओझ्याखाली दबली होती. ते ओझं परस्पर दुसऱ्या कुणाच्या पाठीवर जाऊन बसलं असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि ही पोर ते घेऊन तिच्याच दारात आली होती.

"तू लवकर नाही लावलं," ती म्हणाली. "दार वेळेवर लागलं. भोंगा उशिरा वाजला."

पुस्तकलाने बोटाचा पदर सोडला.

"यंत्रानं आधीच सांगितलं होतं. मी थांबवलं. जाळं निघावं म्हणून. गिरणी चालू आहे असं खोटं लिहिलं."

"किती वेळ?"

"चार मिनिटं वीस सेकंद."

"माय पोचली असती?"

वत्सलाला नाही म्हणता आलं असतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"पोचली असती," ती म्हणाली.

पुस्तकला उठली. तिने चपला घातल्या, एक उलटी होती ती पायानेच सरळ केली आणि निघून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं वत्सलाला वाटलं.

मग तिने फोन घेतला. डॉक्टर वैरागडेंना तिने गिरणीचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गिरणी बंद होती, हे तुम्हाला नक्की माहीत होतं?"

"गिरणीवाला मला दिसत होता, मॅडम."

"ठीक आहे. मी बदल थांबवते." फोन ठेवण्याआधी त्या म्हणाल्या, "मी नोंद वाचली आणि विश्वास ठेवला. एका फोनवर विचारता आलं असतं मला."

गोष्ट गावात पसरली आणि दिवेलागणीला गोकुळदास तणतणत आला. "सांगाची काय गरज होती, वहिनी? कोणी विचारलं होतं? आता सारे म्हणतील, सोसायटीनं दबाव टाकला."

"टाकला नव्हता का, भाऊजी?"

"मी फक्त म्हटलं होतं!"

"हो. दाबलं मीच."

तो गेल्यावर शालिक बराच वेळ जाळ्याची फाटकी बाजू विणत बसला. सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता म्हणाला, "मी पण पाण्यात होतो, वत्सला."

तेवढंच. पण त्या वाक्याने ती रडली. केवळाबाईसाठीही तिला तोवर रडू आलं नव्हतं.

ग्रामसभेत तिने उभं राहून गिरणीचं खोटं कबूल केलं. कुणीतरी मागून ओरडलं, कुणी शिव्या घातल्या. कुणी म्हणालं, जाऊ द्या, तिनंच बाकीच्यांना वाचवलं. हे शेवटचं तिला सर्वांत जड गेलं. गोकुळदास खाली बघत होता. चौकशी झाली, तिचं काम काढून घेतलं गेलं, शाल तिने स्वतःच पंचायतीत नेऊन दिली. केंद्राने नियम बदलला. थांबा आता एकदाच आणि एकाच मिनिटासाठी दाबता येईल, असं ठरलं. ते बटण पार काढून टाकावं असं काहींचं म्हणणं होतं; पण खोट्या भोंग्यांनी लोक पळणंच सोडतील, हेही खरं होतं. शेवटी बटणावर बोट ठेवणारं माणूस लागणारच होतं.

ते माणूस मिळेना. पावसाळा गेला, धान निघालं, तरी माडीवरची खोली कुलूपबंदच होती. वत्सला सोसायटीत मासे निवडायला जाऊ लागली. बाया तिच्याशी कामापुरतं बोलत. तिची तक्रार नव्हती.

माघात एका सकाळी पुस्तकला तिच्या दाराशी उभी राहिली. हातात वही होती.

"माडीवरचं काम मी घेतलं," ती म्हणाली. "नागपूरले पंधरा दिवस शिकून आले. घुमार, टक्के, सारं समजलं. एक गोष्ट तिथं कोणाले येत नव्हती. ती तुम्हाले येते."

"मला काय येते, बाई?"

"थांबा दाबताना काय होते ते." पुस्तकला ओसरीवर बसली, वही मांडीवर उघडली. "माफ केलं म्हणून नाही आले. ते जमते की नाही, मले माहीत नाही. पण उद्या त्या खुर्चीवर मी असणार. पाण्यात कोणी ना कोणी असणारच. सांगा."

वत्सला तिच्यापासून हातभर अंतरावर बसली. गोकुळदास सकाळी आला होता तिथपासून तिने सांगायला सुरुवात केली. आदल्या वर्षीचं हसणं. शालिकचे दोन अबोल दिवस. उसळणारे मासे. पुस्तकला लिहीत होती, मधेच थांबवत होती, पुन्हा विचारत होती.

"मग दोन मिनिटं संपली," वत्सला म्हणाली. "मला वाटलं, अजून थोडं—"

"तेव्हा बाहेर काय दिसत होतं?"

हे चौकशीत कुणी विचारलं नव्हतं. ग्रामसभेतही तिने गिरणीचं खोटं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा दाबताना खिडकीबाहेर काय दिसलं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही, शालिकलाही नाही. सगळे समजत होते, की तिने यंत्रावर विश्वास ठेवला नाही. तेवढी एक आडोशाची जागा तिने स्वतःसाठी राखून ठेवली होती.

"ढग खाली आला होता," ती म्हणाली. "मला दिसला. सोंड येते हे मला कळलं होतं, पुस्तकला. कळल्यावर मी दुसऱ्यांदा दाबलं."

पेन थांबलं. पुस्तकला उठून अंगणात गेली आणि पाठमोरी उभी राहिली. शेजारच्या घरात कुणीतरी धान कांडत होतं, त्याचा आवाज येत होता. वत्सला हलली नाही. ती परत येईल असं तिला वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळाने पुस्तकला आत आली. तिचे डोळे लाल होते. तिने वही उचलली, शेवटचं वाक्य लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"कळल्यावरही हात थांबते," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. मग वत्सलाकडे न बघता तिने पान उलटलं. "सांगा. मग भोंग्याकडे हात कशानं हलला?"